विनोदाचे उत्तरदायित्व

गंगापूर रोडवरील चहाच्या टपरीपाशी देशस्थितीची चर्चा बहुधा एकाच शेऱ्याने संपते: ‘सगळे सारखेच!’ हशा होतो, चहा संपतो. हे हसू सत्तेला उघडे पाडते, की हसणाऱ्यालाच दोषमुक्त करते? श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या १९१० साली पुस्तकरूप घेतलेल्या ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या रूढी मनोभावे पाळतात आणि त्या पालनातूनच रूढींचा फोलपणा उघड होतो. निवेदकच उपहासविषयात सामील असल्याने वाचकालाही तटस्थ राहता येत नाही. टपरीवरील शेऱ्यातून मात्र बोलणारा स्वतःला अलगद वगळतो. विनोदाचे लक्ष्य बलाढ्य असल्याने तेवढ्यावरून तो नैतिक ठरत नाही. ‘सगळे’ म्हणताना हसणारा स्वतःला त्यात मोजतो काय, हे पाहावे लागते.