राखणदाराची सेवा

शास्त्रपाठ : उत्पत्ती २:१५



देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले आणि दोन कामे नेमून दिली : बागेची मशागत आणि बागेची राखण. हे पतनापूर्वी घडले, हे ध्यानात घ्यावे. भूमीची सेवा ही पापाची शिक्षा नव्हे. ते मनुष्याला झालेले पहिले पाचारण होय.

या वचनाच्या भाषांतराला बसलो असता मूळ इब्री क्रियापदांपाशी मी थबकलो. ‘अबद’ म्हणजे कष्ट करणे, सेवा करणे. ‘शामर’ म्हणजे राखणे, जपणे. गणना ३:७-८ मध्ये निवासमंडपातील लेव्यांच्या सेवेविषयी हेच दोन शब्द जोडीने येतात. लेव्यांनी पवित्रस्थानी जे करावयाचे, तेच आदामाने बागेत करावयाचे होते.

या दोन शब्दांचा अर्थ मला दिल्लीच्या सीमेलगत, गुरुग्राम येथे अधिक उमगला. तेथे अरवलीच्या टेकड्या दगड व वाळूसाठी खणून पोखरल्या गेल्या होत्या. उरलेल्या जमिनीवर, जिला आपण वेडी बाभूळ म्हणतो, त्या विलायती कीकराचे रान माजले होते. ‘आय ॲम गुडगाव’ या नागरिकांच्या संस्थेने महानगरपालिकेच्या सहकार्याने २०१० साली सुमारे ३९० एकरांवर अरवली जैवविविधता उद्यानाचे काम आरंभले. विजय धस्माना यांच्या मार्गदर्शनाखाली रानोमाळ हिंडून देशी वृक्षांचे बी गोळा केले गेले, रोपवाटिकेत रोपे वाढविली गेली आणि शाळकरी मुलांपासून नोकरदारांपर्यंत हजारो हातांनी ती लाविली. आपल्या धावड्याचा आप्त असलेला धौ तेथे पुन्हा रुजला. मागी लोकांनी बाळ येशूला अर्पण केलेला ऊद ज्या वृक्षापासून मिळतो, त्याच्याच जातकुळीची साळईही तेथे रुजली.

ही झाली मशागत. पुढे त्याच उद्यानातून महामार्ग नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा झाडे लावणारेच विरोधास उभे राहिले. ही झाली राखण. २०२२ साली या उद्यानास, अभयारण्यांसारख्या संरक्षित क्षेत्रांबाहेर निसर्गाचे जतन करणारे भारतातील पहिले स्थळ म्हणून मान्यता मिळाली.

वाचकहो, येथे मला एक कबुली दिली पाहिजे. एका पर्यावरणदिनी आमच्या मंडळीने प्रार्थना करून रोपे लाविली. छायाचित्रे निघाली, अल्पोपाहार झाला. पुढील वैशाखात मी पाहिले, तो आळ्यांत वाळलेल्या काड्या तेवढ्या उभ्या होत्या. पाणी घालण्याच्या पाळीत माझेही नाव होते. ‘शामर’ या शब्दावर तासन् तास विचार करणाऱ्या माझ्या हातून एक बादली पाणी घातले गेले नव्हते.

आपण लावण्याचा सोहळा करतो आणि राखण दुसऱ्यावर सोपवितो. काइनाचा प्रश्न आठवा. मी काय माझ्या भावाचा राखणदार आहे, असे त्याने देवालाच विचारले. तेथेही मूळ शब्द ‘शामर’ हाच आहे, आणि त्यानंतर लगेच भावाचे रक्त भूमीतून ओरडते. भाऊ आणि भूमी यांची राखण शास्त्र वेगळी मानीत नाही. टेकडी खणली गेली की झरा आटतो, आणि रिकामा हंडा प्रथम गरिबाच्या दारी दिसतो.

परंतु सुवार्ता ही की, स्तोत्र १२१ मध्ये परमेश्वरालाही हेच नाव आहे. इस्राएलाचा राखणदार झोप घेत नाही. आपल्या विसराळूपणातही तो आपणांस राखतो, म्हणूनच आपण पुन्हा आरंभ करू शकतो. यंदा आपल्या मंदिराच्या आवारात थोडीच रोपे लावा, पण ती त्या मातीतली असोत; आणि तीन उन्हाळे त्यांना पाणी कोण घालील, हे खड्डा खणण्यापूर्वी ठरवा. त्या यादीत पहिले नाव स्वतःचे लिहा. मी माझे लिहिले आहे.

हे आमच्या राखणदारा प्रभू, तू सोपविलेले राखण्यास आम्हांला विश्वासू कर. आमेन.