कुलूप लावलेली पेटी



पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी प्रभू येशू पेत्राशी त्याच्या म्हातारपणाविषयी बोलला. तेव्हा दुसराच कोणी तुला नको तिथे घेऊन जाईल, अशा अर्थाचे ते बोल होते (योहान २१:१८). ते पेत्राच्या मरणाला उद्देशून होते, असे शुभवर्तमानकार सांगतो. पण वृद्धाश्रमात राहायला गेलेल्या एका मावशी मला म्हणाल्या, "फादर, ते माझ्याचबद्दल लिहिलंय." त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

पहिल्या शुक्रवारी मी तेथे ख्रिस्तशरीर घेऊन जातो. मावशींच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती. दोन महिने झाले तरी तिचे कुलूप उघडले नव्हते. विचारले तर म्हणाल्या, "मुलगा कधीही न्यायला येईल. पुन्हा बांधाबांध कशाला?"

मुलाला मी ओळखतो. नवरा-बायको दोघे कामावर, आणि आई न्हाणीघरात दोनदा पडलेली. त्याने आईला टाकले नव्हते. पण निघताना तो "थोडे दिवस" म्हणाला होता. त्या दोन शब्दांमुळे ती माउली ना घरात होती, ना आश्रमात.

शेवटी एका रविवारी त्याने खरे सांगितले. "आई, घरी तुला सांभाळणं आता आम्हाला जमत नाही. पण दर रविवारी मी येणार." मावशी त्याच्याशी दोन रविवार बोलल्या नाहीत. तो तरी येत राहिला. तिसऱ्या रविवारी त्यांनी पेटी उघडली. मारियामातेची तसबीर भिंतीवर लागली. शेजारच्या खाटेवरील आजीला दिसत नाही. आता मावशी तिच्या कानाशी रोझरी म्हणतात. आजही मला पाहिले की आधी विचारतात, "माझ्या मोगऱ्याला पाणी कोण घालतं?" घराची ओढ गेलेली नाही. ती जावी असेही नाही.

१८३९ साली फ्रान्समध्ये जान ज्युगाँ हिने एका अंध वृद्धेला घरी आणून स्वतःची खाट दिली. त्यातून वृद्धांची सेवा करणारा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. पण जानकडून अधिकार काढून घेण्यात आला. आयुष्याची शेवटची २७ वर्षे ती मातृगृहात कोणत्याही पदाविना राहिली. संघाची संस्थापिका हीच, हे तेथील कित्येक तरुण भगिनींना ठाऊकही नव्हते. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली तिला संत घोषित केले. पद गेले, तरी देवाने तिला विसरले नाही.

पवित्र मारियेलाही क्रुसाखालून दुसऱ्याच्या घरी जावे लागले. प्रभूने प्राण सोडण्यापूर्वी तिला योहानाच्या हवाली केले आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले. आई हवाली करणे हे पाप नव्हे. हवाली करून विसरणे हे पाप आहे.

म्हणून मुलांनो, आईवडिलांना खरे सांगा, जाण्याआधी त्यांना ती जागा दाखवा, आणि येण्याचा दिवस ठरवून तो पाळा. त्यांची उशी, त्यांची जपमाळ, त्यांचा पेला बरोबर द्या. आजी-आजोबांनो, राग आला तर तो प्रभूपुढे मांडा. पण शेजारच्या खाटेकडेही पाहा. आणि आपण शेजाऱ्यांनी "आईला आश्रमात टाकलं" असे म्हणण्याआधी एकदा त्या आईला भेटून यावे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी नेमून दिला. पण त्यांना वर्षाचा एकच रविवार कसा पुरेल? आज मिस्सानंतर घरी जाताना एक नाव आठवा, ज्यांची बाकावरील जागा रिकामी आहे. या आठवड्यात त्यांना भेटा.

हे प्रभो, ज्यांची पेटी अजून बंद आहे, त्यांच्याजवळ तू बस. आमेन.