योगाभ्यासाचा आरंभ आणि ख्रिस्ती विवेक

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न अलीकडे वारंवार निघूं लागला आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ सालच्या डिसेंबर महिन्यांत ठराव करून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून नेमिला, व २०१५ सालापासून त्या दिवशीं गांवोगांवच्या शाळांच्या पटांगणांत मुलें ओळीनें बसून आसनें करितात. घरीं आल्यावर तींच आसनें तीं आईबापांस करून दाखवितात. इकडे कोणा उपदेशकाची कंबर धरलेली असते, व दवाखान्यांतील डॉक्टर त्यास औषधाच्या चिठ्ठीबरोबर चार आसनेंही सांगतात. मग घरांत व मंडळींत विचार पडतो कीं, ख्रिस्ती मनुष्यानें योगाभ्यासास आरंभ करावा कीं करूं नये?

ह्या प्रश्नास दोन उत्तरें तयारच असतात. मंडळींतील वडील माणसें म्हणतात, "ज्यांतून आपण बाहेर आलों त्यांत पुनः पाय कशाला घालावा?" तरुण म्हणतात, "अहो, हा नुसता व्यायाम आहे. ह्यांत विचारावयाचें तें काय?" दोन्ही उत्तरें सोपीं आहेत, आणि आमच्या मतें दोन्ही अपुरीं आहेत. पहिल्यांत भय आहे, पण चौकशी नाहीं. दुसऱ्यांत धिटाई आहे, पण चौकशी तेथेंही नाहीं. ज्या गोष्टीविषयीं निर्णय द्यावयाचा ती मुळांत काय आहे हें पाहिल्याशिवाय दिलेला निर्णय न्यायाचा होत नाहीं. म्हणून प्रथम योग म्हणजे काय तें पाहूं.

पतंजलीचीं योगसूत्रें हा ह्या विषयावरील सर्वांत मान्य असा जुना ग्रंथ होय. मनाची चंचलता आवरून तें शांत करणें हें त्यांत योगाचें स्वरूप मानिलें आहे, व तेथवर पोहोंचण्यास आठ अंगें दिलीं आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधि. वाचकांनीं हा क्रम नीट पाहावा. आसन हें तिसरें अंग आहे, पहिलें नव्हे. त्याच्या आधीं यम येतात, म्हणजे अहिंसा, सत्य, चोरी न करणें हें अस्तेय, ब्रह्मचर्य, आणि हांव धरून सांठा न करणें हा अपरिग्रह. मग नियम येतात, म्हणजे शौच, संतोष, तप, स्वाध्याय व ईश्वरप्रणिधान. आसनाविषयीं त्या ग्रंथांत अवघीं तीन सूत्रें आहेत, आणि त्यांत एकाही आसनाचें नांव नाहीं. तेव्हां योग म्हणजे नुसता व्यायाम असें म्हणणारा तरुण पतंजलीस विचारून बोलत नाहीं. मूळ योग हा सबंध मनुष्याच्या वर्तनाचा व मुक्तीचा मार्ग म्हणून सांगितलेला आहे, आणि मुक्ति कोणापासून मिळते ह्याविषयीं आपला विश्वास निराळा आहे, हें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

परंतु वडील माणसांचें म्हणणेंही इतिहासास धरून नाहीं. आज शाळेंत जीं आसनें शिकवितात तीं सगळीं कोणा देवतेच्या पूजेचे विधि आहेत असें नाहीं. पंधराव्या शतकांतील हठयोगप्रदीपिका ह्या ग्रंथांत सुमारें पंधराच आसनांचें वर्णन आहे. आज प्रचारांत असलेल्या पुष्कळ आसनांस, विशेषतः उभ्यानें करावयाच्या आसनांस, हल्लींचें वळण विसाव्या शतकांत लागलें, आणि त्यांत आपल्या ह्याच मुलखाचा मोठा वांटा आहे. श्री योगेंद्र यांनीं १९१८ सालीं मुंबईस वर्सोवा येथें संसारी माणसांसाठीं योगाची संस्था काढिली. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, व आसनें आणि प्राणायाम करतांना शरीरांत काय घडतें हें यंत्रें लावून मोजण्यास आरंभ केला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार चालू केले. बी. के. एस. अय्यंगार हे १९३७ सालीं गुरूच्या आज्ञेनें पुण्यास शिकविण्यासाठीं आले. लहानपणीं तेच आजारांनीं जर्जर झालेले होते. पुढें ताठरलेल्या व दुखणाईत माणसांसही आसन करतां यावें म्हणून त्यांनीं दोर, पट्टे, लांकडी ठोकळे व खुर्च्या यांचा आधार देण्याची रीति बसविली. म्हणजे आज लोक ज्यास योग म्हणतात त्यांत एक जुनें तत्त्वज्ञान, एक मध्ययुगीन साधना व एक नवें व्यायामशास्त्र, असे तीन पेड एकत्र वळलेले आहेत.

दोर तपासावयाचा तर पीळ उलगडावा लागतो. कंबर वांकविणें, पाय लांब करणें, पालथें निजून छाती उचलणें, ह्यांवर कोणत्याही धर्माचा ताबा नाहीं. भाताची लावणी करणारी बाई दिवसभर ओणवी असते, म्हणून ती कोणास नमन करीत आहे असें कोणी म्हणत नाहीं. बैलाच्या खुरांतील खडा काढणारा गडी गुडघे टेकतो, म्हणून तो प्रार्थना करीत आहे असेंही नाहीं. देह कसा वांकला ह्यावरून भक्ति ठरत नाहीं. मन कोणापुढें वांकलें व तोंडानें कोणाचें नांव घेतलें ह्यावरून ती ठरते.

सूर्यनमस्काराचेंच उदाहरण घ्या. त्यांतील वांकणें, ताणणें व उठणें हा देहाचा भाग आहे; परंतु प्रत्येक नमस्काराबरोबर सूर्याचें एकेक नांव घेऊन वंदन करण्याची जी चाल आहे, ती उपासनेचा भाग आहे. ज्याची तशी श्रद्धा नाहीं त्यानें केवळ रांगेंत वेगळें दिसूं नये म्हणून तीं नांवें उच्चारूं नयेत. त्यांत देवाचा अपराध आहे हें तर खरेंच, पण शेजाऱ्याचाही आहे. शेजारी जें वचन भक्तीनें म्हणतो तें आपण पोकळ ओठांनीं म्हटलें, तर आपण त्याच्या भक्तीची थट्टाच केली. आणि सत्य हा यमांपैकींच एक आहे, हें येथें आठवावें. खोटें बोलून योगास आरंभ करणारा योगाच्या नियमानेंही चुकतो. "गुरुजी, मी हालचाल करीन, पण नांवें घेणार नाहीं," असें नम्रपणें व सरळ सांगण्यांत भांडण नाहीं.

ह्याच्या उलट, कोणी आसनांस नवीं ख्रिस्ती नांवें देऊन तीं जणूं आपलींच होतीं असें दाखवूं पाहतात. हेंही आम्हांस बरें दिसत नाहीं. ज्याची वस्तु उसनी घ्यावी त्याचें नांव घ्यावें, असें अस्तेयही सांगतें व आपलें शास्त्रही सांगतें. हें ज्ञान आपल्या हिंदु शेजाऱ्यांच्या पूर्वजांनीं श्रमानें मिळविलें, आणि ते आपलेही पूर्वज होते, असें म्हणण्यांत आपली मान खालीं जात नाहीं.

आतां मंडळीकडे वळूं. पौल प्रेषितानें करिंथकरांस पहिलें पत्र लिहिलें तेव्हां तेथें ह्याच जातीचा एक वाद चालला होता. मूर्तीस वाहिलेलें मांस ख्रिस्ती मनुष्यानें खावें कीं खाऊं नये, असा तो वाद होता. प्रेषिताच्या उत्तराचा आशय थोडक्यांत असा कीं, खाण्यानें किंवा न खाण्यानें आपण देवाजवळ जात नाहीं; परंतु माझ्या मोकळेपणामुळें दुबळ्या मनाचा भाऊ अडखळत असेल, तर मीं आपला मोकळेपणा आवरावा. ह्यांत दोन्ही पक्षांस शिकवण आहे. ज्या घरानें बापजाद्यांची उपासना सोडतांना भाऊबंदांचा बहिष्कार सोसला, त्या घरांतील म्हातारीस आसनाचें नुसतें नांव ऐकून जुने दिवस आठवत असतील. तिच्यापुढें हट्टानें सतरंजी पसरणें ही धिटाई नव्हे, निष्ठुरता होय. उलटपक्षीं, ज्याची कंबर दुखते त्यास "तूं विश्वास सोडलास" असें म्हणून सभेंत उभें करणें हाही न्याय नव्हे. देवानें जें ओझें घातलें नाहीं तें दुसऱ्याच्या पाठीवर, आणि तेंही दुखऱ्या पाठीवर, घालण्याचा अधिकार मंडळीच्या वडिलांस नाहीं.

असा विचार करून ज्यानें आरंभ करावयाचें ठरविलें, त्यानें अहिंसा हा पहिला यम आहे एवढें ध्यानांत धरिल्यास पुष्कळ चुका टळतील. हिंसा दुसऱ्याचीच होते असें नाहीं. आपल्या देहाचीही होते, आणि तो देह आपणांस सांभाळावयास दिलेला आहे. सकाळीं पोट रिकामें असतां, किंवा जेवणानंतर तीनचार तास जाऊं देऊन, सपाट जमिनीवर सतरंजी किंवा घोंगडी टाकावी. पहिले कांहीं आठवडे ताडासन, भुजंगासन, गुडघे बरे असल्यास वज्रासन, आणि शेवटीं शवासन, एवढें पुरे आहे. दहापंधरा मिनिटांहून अधिक वेळ नको. श्वास कोंडूं नये. तो नाकानें सहज चालूं द्यावा. ताण जाणवावा, पण कळ येऊं नये. कळ आली कीं थांबावें, आणि थांबण्यांत लाज मानूं नये. शीर्षासन व सर्वांगासन हीं नवशिक्याचीं आसनें नव्हेत. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ज्याच्या डोळ्यांत कांचबिंदु आहे त्यानें तर त्यांच्या वाटेस जाऊं नये. गरोदर स्त्रीनें, अंतर्गळ असलेल्यानें व नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यानें प्रथम डॉक्टरांस विचारावें. श्वास रोखून धरण्याचे प्राणायाम तर जाणत्या शिक्षकावांचून करूंच नयेत. श्वासाशीं उतावीळपणा केल्यास अपाय होतो, अशी ताकीद हठयोगप्रदीपिकेंतही आहे. मोबाईलवरील चित्रें पाहून शिकणारांस आम्ही विशेष सांगतों कीं, चित्रांतील मनुष्य तुमचा गुडघा पाहूं शकत नाहीं. जवळपास जाणता शिक्षक असल्यास पहिले धडे त्याच्याकडूनच घ्यावे.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तींत जिवाचा प्रश्न आहे. योगानें मधुमेह, क्षय व कर्करोग समूळ जातात, औषधें फेंकून द्या, असें सांगणारे लोक भेटतात. खरी गोष्ट इतकीच आहे कीं, जुनाट कंबरदुखीस योगानें कांहींसा आराम पडतो असें तपासांतीं दिसून आलें आहे. अमेरिकेंतील डॉक्टरांच्या एका मान्य मंडळानेंही २०१७ सालीं, अशा दुखण्यांत औषधाच्या आधीं करून पाहावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला. परंतु मदत निराळी व उपचार निराळा. इन्सुलिनची सुई किंवा क्षयाच्या गोळ्या योगाच्या भरंवशावर बंद करणें म्हणजे मरणास बोलावणें होय. उपदेशकांनीं ही गोष्ट घरोघर जाऊन सांगावी; मंडळींतील लोक त्यांचें ऐकतात. आणि ज्या भगिनी पहांटेपासून पाणी, सरपण व शेत ह्यांत राबतात त्यांस आणखी श्रम कशास हवेत? त्यांस शवासनांतील दहा मिनिटें, आणि त्या दहा मिनिटांत घरच्या पुरुषानें उचललेली घागर, ह्यांचाच उपयोग अधिक होईल.

आतां नवशिक्याच्या मनाविषयीं थोडेंसें. त्यास पहिला मोह घाईचा असतो. आठ दिवसांत कंबर मोकळी झाली नाहीं कीं तो सतरंजी गुंडाळून ठेवितो. शेतकऱ्यास हें सांगावयास नको कीं, पेरल्यावर रोज उकरून पाहणारास पीक मिळत नाहीं. दुसरा मोह तुलनेचा. शेजारच्याचें कपाळ गुडघ्यास लागलें, माझें कां लागत नाहीं, म्हणून तो ओढूं लागतो, आणि दुसऱ्या दिवशीं अंथरुणास खिळतो. येथें देहाची इजा ही गर्वाचें फळ असते. तिसरा मोह सूक्ष्म आहे. शवासनांत पडल्यावर मन निवतें, आणि ती निवांत अवस्था म्हणजेच देवाचें दर्शन, असें त्यास वाटूं लागतें. ती शांति चांगली आहे. गाढ झोंप चांगली, उन्हांतून आल्यावर थंड पाणी चांगलें, तशी ती चांगली. पण तिला प्रार्थनेच्या जागीं बसवूं नये. प्रार्थनेंत मनुष्य पित्याशीं बोलतो व त्याचें ऐकतो. शवासनांत तो विसावा घेतो. विसांवलेला मनुष्य अधिक सावधपणें प्रार्थना करील, परंतु ती त्यास करावीच लागेल.

महिनाभर अभ्यास झाल्यावर आपण किती वांकूं लागलों हें मोजूं नये. घरच्या माणसांस विचारावें कीं, माझा शब्द मवाळ झाला आहे काय? मजुरी देतांना माझा हात मोकळा झाला आहे काय? ज्याचा पाठीचा कणा लवचीक झाला पण स्वभाव ताठच राहिला, त्यानें तिसऱ्या अंगापासून आरंभ केला व पहिलीं दोन सोडून दिलीं. बंधुभगिनींनो, ज्यास आसनें करावयाचीं आहेत त्यानें तीं खरेपणानें, सावकाश व कोणास न दुखवितां करावीं. ज्याचें मन घेत नाहीं त्यानें तीं न करितां शेतावर पायीं जावें व यावें. आणि रविवारीं दोघांनींही उपासनेंत एकमेकांशेजारीं बसावें.