दगडांची हौस

मनुष्य हा सुखाच्या मागें लागलेला प्राणी आहे, हें मत विद्वानांनीं इतक्या वेळां सांगितलें आहे कीं, त्याच्या उलट जाणारें उदाहरण डोळ्यांसमोर आलें म्हणजे आपण त्या उदाहरणासच खोटें मानूं लागतों. असें एक उदाहरण गेलीं दोन-तीन वर्षें आमच्या चांदूर रेल्वेच्या आसमंतांत दर रविवारीं पहावयास मिळत आहे. चांदूर व अमरावती ह्यांच्या दरम्यान पोहरा-मालखेडचें राखीव रान पसरलेलें आहे. साग, सालई, धावडा, तेंदू, पळस अशीं झाडें. त्यांच्या बुडाशीं माती थोडी आणि काळा दगड फार. ह्या रानाच्या कडेकडेनें, आणि क्वचित् आंतूनही, ज्या वाटांवर बकऱ्यासुद्धां पाय पाहून टाकतात त्या वाटांवरून सुखवस्तु घरचीं शिकलेलीं मुलें मोटारसायकली चालवीत असतात. डांबरी सडक हाकेच्या अंतरावर असतांना तिकडे तीं फिरकत नाहींत. वाट जितकी वाईट तितकी त्यांस ती प्रिय.

ह्या गाड्या नेहमींच्या फटफटीहून वेगळ्या. चाकें मोठीं, टायरांना जाड गांठी, धक्का गिळण्यासाठीं लांबलचक शॉकअप, आणि इंजिनाचें पोट दगडावर फुटूं नये म्हणून खालीं पत्रा. त्यांस डर्ट बाइक म्हणतात. म्हणजे धुळीसाठींच जन्मलेली गाडी. पूर्वीं ही हौस परदेशी गाडी आणवूं शकणाऱ्या मूठभर लोकांची असे, किंवा जुन्या यामाहा आर. एक्स. १०० ची मोडतोड करून ती भागविली जाई. २०१६ सालीं रॉयल एनफील्डची हिमालयन आणि २०१९ सालीं हीरोची एक्सपल्स बाजारांत आली, आणि ही हौस तालुक्याच्या गांवापर्यंत पोहोंचली.

आमच्या एका विद्यार्थ्यास आम्हीं विचारलें, “अरे, चांगला रस्ता टाकून ह्या गोट्यांत तुला काय सांपडतें?” त्यानें तत्त्वज्ञान सांगितलें नाहीं, त्यानें कृति सांगितली, आणि तीच आम्हांस अधिक उद्बोधक वाटली. गाडीवर बसावयाचें नाहीं, पायदानांवर उभें रहावयाचें. गुडघे सैल, कोपरें बाहेर, हँडल आवळून धरावयाचें नाहीं, क्लचवर एक किंवा दोन बोटें. भिऊन वेग अगदींच कमी केला तर गाडी अधिक डळमळते. बेताचा वेग तिला दगडांवरून तारून नेतो. “आणि सर, दगडाकडे पहायचं नाही. ज्या दगडाकडे पाहिलं त्याच्यावरच गाडी जाते. दोन दगडांमधल्या जागेकडे पहायचं, तेही बरंच पुढं.” जें टाळावयाचें त्याचेंच चिंतन केल्यानें मनुष्य त्याच्यावर जाऊन आदळतो, हें नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही कित्येक वर्षें सांगत आलों आहों, परंतु तें ह्या मुलाच्या गुडघ्यांत जितकें उतरलें आहे तितकें आमच्या व्याख्यानानें कोणाच्या मेंदूंतही उतरलें असेल असा आमचा दावा नाहीं.

तेव्हां ही निव्वळ उनाडकी आहे असें म्हणून हा विषय निकालांत काढतां येत नाहीं. बर्नार्ड सूट्स नामक तत्त्ववेत्त्यानें १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘द ग्रासहॉपर’ ह्या ग्रंथांत खेळाची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा कीं, ज्या अडचणींची कांहीं गरज नाहीं त्या आपण होऊन पत्करणें व त्यांवर मात करूं पहाणें म्हणजेच खेळ. ही व्याख्या डर्ट बाइकला तंतोतंत लागू पडते. आणि ही वृत्ति पश्चिमेकडून आली असेंही कोणीं समजूं नये. १८६७ सालीं आमच्या वऱ्हाडांतून नागपूरपर्यंत आगगाडी गेली, पुढें पंढरपुरासही जाऊं लागली. तरीही आमच्या शेजारच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी आजही आषाढीस पायींच पंढरपुरास जाते. शेंकडों मैल चालणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना ‘गाडी असतांना पाय कां झिजवितां?’ असें विचारण्याचा वेडेपणा कोणी करीत नाहीं. गरज नसलेले कष्ट आपण होऊन अंगावर घेण्यांत मनुष्याच्या स्वातंत्र्याचा कांहीं अंश प्रकट होतो, हें आपल्या लोकांस कोणत्याही व्याख्येवांचून ठाऊक आहे.

परंतु येथेंच एक कांटा आहे. आमच्याकडे शेताकडे जाणाऱ्या वाटेस पांदण म्हणतात. पावसाळ्यांत काळ्या जमिनींतली पांदण म्हणजे चिखलाचा ओढा, आणि बरडावरची पांदण म्हणजे गोट्यांचा पाट. ह्या पांदणींची दुर्दशा इतकी सर्वत्र आहे कीं, राज्य शासनास २०२१ सालीं ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते’ नांवाची स्वतंत्र योजना काढावी लागली. अशा वाटेनें रोज पहाटे दूधवाला येतो. त्याच्या गाडीला लांब शॉकअप नाहींत, टायर घोटून गुळगुळीत झालेले, दोहों बाजूंस दुधाचे कॅन लोंबत असलेले, डोक्याला रुमाल. तोही उतारावर पायदानावर उभा रहातो. त्याचेही गुडघे सैल असतात. तोही दगडाकडे पहात नाहीं. त्याच्या कौशल्यास टाळी पडत नाहीं, आणि तो पडला तर त्याचें त्या दिवसाचें दूध जातें. एकच दगड, एकच धक्का, एकच कसब. पण एकाची ती क्रीडा आणि दुसऱ्याची ती दैना. फरक कोठें आहे? दगडांत नाहीं, गाडीच्या किंमतींतही खरोखर नाहीं. एकाला संध्याकाळीं हे दगड सोडून घरीं जातां येतें, दुसऱ्याचें घरच त्या दगडांपलीकडे आहे, एवढाच फरक आहे.

ह्यावरून कोणी म्हणेल कीं, ज्या समाजांत कांहींजण नाइलाजानें कष्ट भोगीत आहेत त्या समाजांत इतरांनीं कष्टांचा खेळ करणें हीच मुळीं क्रूरता आहे. हें मत आम्हांस मान्य नाहीं. तें मान्य केलें तर उपाशी मनुष्य जगांत असेपर्यंत एकादशीही करतां येणार नाहीं. दुसऱ्याची दैना आपल्या खेळानें उत्पन्न होत नसेल, वाढत नसेल, तर खेळ हा अपराध नव्हे. विल्यम जेम्सनें १९१० सालीं ‘युद्धाचा नैतिक पर्याय’ ह्या आशयाचा जो प्रख्यात निबंध प्रसिद्ध केला त्यांत त्याची सूचना अशी होती कीं, तरुणांतील काटकपणा जिवंत ठेवण्यासाठीं त्यांस लढाईवर न धाडतां खाणींत, मासेमारीच्या बोटींवर, रस्तेबांधणीवर धाडावें. जेम्स चांदुरास असता तर त्यानें ह्या मुलांच्या हातीं फावडीं देऊन त्यांस पांदण दुरुस्तीवर लाविलें असतें! सूचना सुंदर आहे; पण सक्तीनें खणलेल्या रस्त्यावर तो आनंद उगवेल कीं काय ह्याची आम्हांस शंका वाटते. शिवाय जेम्सला ही तरुणांची फौज निसर्गाविरुद्ध उभी करावयाची होती. निसर्ग हा आपला शत्रु आहे असें समजण्याची चैन आज कोणास परवडण्यासारखी राहिलेली नाहीं.

आमच्या मतें खरा प्रश्न कष्ट ऐच्छिक कीं अनैच्छिक हा नसून, ऐच्छिक कष्टांचें मोल कोण भरतो हा आहे. वारकऱ्याच्या पायाला फोड येतो तो त्याच्याच पायाला. मोटारसायकलच्या खेळाचें तसें नाहीं. ह्या खेळाचा जन्म इंग्लंडांतला. १९१४ सालीं आल्फ्रेड अँगस स्कॉट ह्या मोटारसायकलच्या कारखानदारानें आपल्या कामगारांसाठीं यॉर्कशायरच्या माळरानांत जी चढाओढ सुरू केली, तेथपासून त्याचा इतिहास सांगतात. त्या इतिहासाच्या तपशिलांत शिरण्याचें आम्हांस कारण नाहीं. मात्र त्याच्या दुसऱ्या टोंकाशीं जें घडलें तें विसरतां येत नाहीं. १९७८ च्या डिसेंबरांत पॅरिसहून डाकारकडे निघालेली शर्यत पुढें जगांत अत्यंत अवघड म्हणून गाजली. २०१५ सालीं सी. एस. संतोष हा ती पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हां आम्हांसही अभिमान वाटला. ह्याच शर्यतींत २००६ सालीं अँडी कॅल्डेकॉट हा ऑस्ट्रेलियन मोटारसायकलस्वार मेला. आणि त्याच वर्षीं गिनी व सेनेगल ह्या देशांत, शर्यतीच्या व शर्यतीबरोबर जाणाऱ्या वाहनांखालीं सांपडून, दोन लहान मुलें मेलीं. वर्तमानपत्रांनीं तिन्ही मरणें एकाच बेरजेंत धरलीं. नीतिशास्त्राला अशी बेरीज करतां येत नाहीं. कॅल्डेकॉट आपल्या मरणाचा धोका जाणून, तो पत्करून, त्या वाळवंटांत गेला होता. त्याच्याविषयीं शोक करावा, तक्रार करतां येत नाहीं. त्या मुलांनीं कांहींच पत्करलें नव्हतें. तीं आपल्याच गांवच्या वाटेवर होतीं. दुसऱ्याच्या साहसाची किंमत त्यांच्याकडून वसूल झाली, आणि तीही त्यांस न विचारतां.

आमच्या रानांत, सुदैवानें, असें कांहीं घडलेलें नाहीं. पण न विचारतां वसूल होणारी किंमत तेथेंही आहे. ती मोजण्यास जरा खालीं वाकावें लागतें, इतकेंच. रातवा नांवाचा पक्षी घरटें बांधीत नाहीं. ऐन उन्हाळ्यांत, तेंदूपत्त्याच्या हंगामांत, उघड्या जमिनीवर पालापाचोळ्यांत तो दोन अंडीं घालतो आणि त्यांवर असा निश्चल बसतो कीं, दोन हातांवरूनही वाळकें पान वाटावें. हें निश्चलपण बिबट्यापुढें व कोल्ह्यापुढें उपयोगी पडत असेल; टायरापुढें नाहीं. दुसरें, ह्या रानाची माती वीतभर, खालीं मुरूम, त्याखालीं दगड. टायराच्या गांठी वरचा थर फोडतात. एकाच चाकोरींतून दहा गाड्या गेल्या म्हणजे तेथें पन्हळ पडते. मृगाचें पाणी तीच पन्हळ धरून वहातें आणि दोन पावसाळ्यांत तिची नाली होते. त्या नालींतून माती जाते, आणि मातीबरोबर गवत. गवत गेलें म्हणजे काय जातें हें त्या रानांत बकऱ्या चारणाऱ्यास विचारावें. आवाजाविषयीं तर बोलावयासच नको. ज्या मुलांनीं धुराड्याची नळी बदलून आवाज मुद्दाम वाढविला आहे, त्यांच्यापुरती आमची सहानुभूति येथेंच संपते. शौर्यास बँडबाजा लागत नाहीं.

हें सर्व आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें तेव्हां त्याचें उत्तर तयार होतें, आणि तें अगदींच टाकाऊ नव्हतें. “सर, रानात गुरं जातात, लाकूड तोडणारे जातात, मुरूम नेणारे ट्रॅक्टर जातात. आमच्या चार गाड्यांनी काय होतं?” नुकसानीच्या मापानें पाहिलें तर त्याचें म्हणणें खरें आहे, आणि रविवारच्या चार मुलांवर डोळे वटारून मुरमाच्या ट्रॅक्टरांकडे पाठ करणारी नीति आम्हांसही नको आहे. तथापि गुराख्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती केवळ त्याच्या गरिबीमुळें वेगळी नाहीं. रानांतलें गवत नाहींसें झालें तर गुराख्याची बकरी मरते. त्याच्या चुकीची शिक्षा त्याच्याच दारीं येऊन उभी रहाते. डर्ट बाइकवाल्याच्या दारीं कांहींच येत नाहीं. एक वाट नाली होऊन गेली तर तो दुसरी वाट धरतो. त्याला तर अधिक वाईट वाटच हवी असते! ज्याचा आनंद बिघाडानें वाढतो त्यानें बिघाडाचा हिशेब इतरांहून अधिक काटेकोरपणें ठेवला पाहिजे. कायद्यानें पाहिलें तर १९२७ चा वन-कायदा राखीव वनांत परवानगीवांचून शिरणें हा अपराधच मानतो. पण कायद्याच्या धाकानें मिळालेलें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें, कारण शिपाई नसलेल्या रविवारीं तें उत्तर रहात नाहीं.

त्या मुलानें दोन आठवडे आमच्याकडे तोंड दाखविलें नाहीं. मग तो चार मित्रांसह आला, आणि रानाबाहेर कोणाची पडीक जमीन मिळेल काय, असें विचारूं लागला. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची दोन एकर बरड आहे. कुसळें व गोटे ह्यांखेरीज तींत कांहीं पिकत नाहीं, आणि अलीकडच्या कांठास खोल नाला आहे. आम्ही मुलांस घेऊन तेथें गेलों. जागा पाहतांच मुलांचे डोळे लकाकले. रविवारचें भाडें देऊं, असें त्यांनीं म्हणतांच शेतकरी आमच्याकडे वळून म्हणाला, “सर, गोट्याचेबी पैसे भेटते काय?” आम्हीं हो म्हटलें. त्यावर तो थोडा वेळ मुलांच्या गाड्यांकडे, त्यांच्या गुडघ्यांवरच्या कवचांकडे, जाड बुटांकडे पहात राहिला. त्याचा स्वतःचा मुलगा सतरा-अठरा वर्षांचा, बांधावर उभा होता. रोज पहाटे त्याच पांदणीनें दुधाचे कॅन घेऊन चांदुरास येणारा. “अन् माह्या पोरानं चालवतो म्हटलं तं?” शेतकऱ्यानें विचारलें.

मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. एकजण म्हणाला, चालवूं द्या, तो आपल्याहून बरा चालवील. दुसऱ्यानें हेल्मेट व बूट कोणाचे घालावयाचे, हा प्रश्न काढला. तो पडला तर जबाबदार कोण, असें तिसऱ्यानें विचारलें. बांधावरचा मुलगा कांहीं बोलला नाहीं. कपाशीचा पहिला वेचा झाल्यावर पुन्हां बसावयाचें ठरलें आहे.