उन्हाचे वाटेकरी

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्या कुटुंबाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. अट एकच महत्त्वाची: घर स्वतःचे हवे आणि त्याचे छत पॅनेल बसवण्याजोगे हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपये मंजूर झाले. हा पैसा सर्वांचा आहे. साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारा भिवंडीचा यंत्रमाग कामगारही त्यात भर घालतो. त्याचे छत मात्र भाड्याचे. भिशीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत जेवायचे, बारा तासांची पाळी करायची आणि दिवसपाळीवाले उठून गेले की त्यांच्याच जागेवर रात्रपाळीवाल्यांनी अंग टाकायचे, अशा खोलीत ७८ हजारांतला एक रुपयाही पोचत नाही. छोट्या यंत्रमाग मालकाचेही फारसे वेगळे नाही. १ एप्रिल २०१७ रोजी याच शहरात सुरू झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेने आठपर्यंत माग असलेल्यांना सौर संचासाठी सर्वसाधारण गटात ५०, अनुसूचित जातींना ७५ आणि अनुसूचित जमातींना ९० टक्के साहाय्य देऊ केले. गरज ओळखून मदत वाढवण्याची ही दृष्टी मला न्याय्य वाटते. पण गाळा भाड्याचा असेल तर वरचे पत्रे परक्याचे, तिथे ती दृष्टीही थांबत होती.

भिवंडीतल्या मोमीन विणकरांना परिचित असलेल्या हदीस-परंपरेत पाणी, चारा आणि अग्नी या सामायिक वाट्याच्या गोष्टी मानल्या आहेत. ईशोपनिषदही भोगाला त्यागाची मर्यादा घालते. दोन्हींचा रोख एकाच गोष्टीवर आहे: जे कुणाच्या कष्टाने निर्माण झाले नाही, त्यावर एकट्याची मालकी सांगता येत नाही. यावर कुणी म्हणेल, ऊन फुकट असले तरी पॅनेल फुकट नाही. ज्याने पैसे घातले त्याने फळ घ्यावे. स्वतः घातलेल्या पैशापुरते ते खरेच आहे. अनुदानाचा भाग मात्र त्याच्या घामाचा नाही. कोळसा वाचतो, हवा सर्वांची सुधारते, हेही खरे. पण वीजबिल एकाच घराचे उतरते. शिवाय सूर्यघरमध्ये घरच्या बॅटरीला अनुदान नाही, म्हणजे दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवणे ऐपतवाल्यालाच जमणार.

सर्वांत वजनदार आक्षेप व्यवहाराचा आहे: भाडेकरू आज इथे, उद्या तिथे, त्याला वाटा द्यायचा कसा? दिल्लीने २०१९ मध्येच आभासी नेट मीटरिंगचे नियम केले. त्यात संच एका जागी असतो आणि त्याच्या विजेची वजावट अनेक ग्राहकांच्या बिलांत होते. सूर्यघर योजनाही गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक सोयींसाठी किलोवॅटमागे १८ हजार देते. सामूहिक हक्क तिला अमान्य नाही. खोलीचे मीटर घरमालकाच्या नावावर असते, ही अडचण उरतेच. तेव्हा भाडेवस्तीसाठी अनुदान हप्त्यांनी द्यावे आणि त्याला एक अट जोडावी: बिलात झालेली घट भाड्यातून वजा झाल्याची पावती दाखवल्याशिवाय मालकाला पुढचा हप्ता मिळू नये.