भरपाई घेणे म्हणजे माफ करणे का?

८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे, केकवर लावायच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली. सहा कामगार स्त्रिया त्याच दिवशी दगावल्या. पुढे उपचार सुरू असताना आणखी काही जीव गेले. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, शासनाने मदत जाहीर केली. अशा मृत्यूनंतर वस्तीत एक प्रश्न हमखास कुजबुजला जातो : पैसे घेतले, मग इन्साफ कोणत्या तोंडाने मागणार?

या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. फौजदारी खटला शासन चालवते आणि तिथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात पुराव्याचे पारडे कुठे झुकते, एवढेच पाहतात. म्हणून फौजदारीतून सुटलेला मालक दिवाणीत जबाबदार ठरू शकतो. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात तर मालकाची चूक दाखवण्याचीही अट नव्हती. ठेकेदाराच्या कामगारांसाठी मूळ मालकही बांधील होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. चुकीची अट तिथेही नाही. मात्र जुन्या कायद्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती. 'आधी खटल्याचा निकाल लागू दे' म्हणून थांबणारे कुटुंब हक्कच गमावण्याचा धोका पत्करत असे.

आपल्याला दियत हा शब्द परका नाही. चुकून झालेल्या मृत्यूत वारसांना दियत द्यावी आणि सोडायची तर ती त्यांनी सोडावी, असे कुरआन सांगते. म्हणजे दियत घेणे हा वारसांचा हक्क आहे, त्यात कमीपणा नाही. भारतीय कायद्यात निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू हा आपसांत मिटवण्याजोगा गुन्हा नाही. भरपाईच्या पावतीवर वारसाने सही केली म्हणून खटला संपत नाही. उलट अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे.

एक रक्कम मात्र पावतीशिवाय येते आणि साक्ष फिरवायला सांगते. ती भरपाई नव्हे, गप्प बसण्याचा मोबदला आहे. पण चाकण-तळवड्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, परगावाहून आलेल्या कुटुंबाला कोर्टाच्या तारखा परवडत नाहीत. अशा कुटुंबाला बेइमान ठरवण्यापूर्वी आपण विचारायला हवे : त्याच्या हक्काचे पैसे वेळेवर का पोचले नाहीत? ते पोचले असते, तर साक्ष विकण्याची वेळ कदाचित आलीच नसती.