बाहेरचा कॅमेरा बंद

कारंजा लाडला, समुद्रापासून इतक्या लांब, मी ‘सायलेंट हंटर ३’ हा २००५चा पाणबुडीचा गेम खेळतो. बाहेरचा कॅमेरा बंद, नकाशावर आपोआप उमटणाऱ्या खुणाही बंद. हायड्रोफोनवर जहाजाच्या पंख्याचा आवाज दिशा सांगतो. अंतर पेरिस्कोपमधून, डोलकाठीच्या उंचीवरून काढायचं. ती उंची जहाजाच्या प्रकारावरून धरायची, म्हणून जहाज चुकीचं ओळखलं की सगळं गणित फसतं.

हे खेळताना जैनांचं तत्त्वार्थसूत्र आठवतं. ते इंद्रियांतून आलेल्या मतिज्ञानाला परोक्ष, म्हणजे थेट नसलेलं, म्हणतं. संपूर्ण ते केवलज्ञानच, आत्म्याला थेट होणारं. लहानपणी इथल्या मंदिरात हे ऐकलं तेव्हा मी अडलो होतो. डोळ्यांनी पाहिलेलं परोक्ष कसं? पाण्याखाली ते पटलं. मधे काच आहे, आवाज आहे, माझा अंदाज आहे. आणि मला ठामपणे वाटतं, आपलं ज्ञान अपुरं आहे हे मानण्यातूनच अहिंसा सुरू होते. समोरचं जहाज तटस्थ देशाचंही असू शकतं. झेंडा ओळखू येईपर्यंत मी टॉर्पेडो सोडत नाही, सावज निसटलं तरी.